व्हीएमक्यू बंद करताना या चुका टाळा

हायपर-व्हीवरच्या (मायक्रोसॉफ्टची एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क रखडलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘व्हीएमक्यू, म्हणजे नेटवर्क कार्डावरची व्हर्च्युअल मशीन क्यू, बंद करून टाक.’ त्यात तथ्य आहे. ब्रॉडकॉमच्या नेटएक्स्ट्रीम मालिकेतल्या एक गिगाबिट कार्डांवर व्हीएमक्यू चालू असलं की व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क मधूनच तुटायचं. मायक्रोसॉफ्टनेच ही अडचण नोंदवली होती आणि पुढे नव्या ड्रायव्हरने ती सुटली. म्हणून आधी ड्रायव्हर बघा.

दहा गिगाबिटच्या कार्डावर हा उपाय डोळे झाकून केला तर दुखणं वाढतं. येणारी पॅकेट्स मॅक पत्त्यानुसार (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकानुसार) कार्डावरच वेगवेगळ्या रांगांत लावायची आणि त्या रांगा वेगवेगळ्या सीपीयू कोअरवर सोपवायच्या, हे व्हीएमक्यूचं काम. ते काढून घेतलं की भार एकाच कोअरवर येतो. बाकीचे कोअर रिकामे आणि एक शंभर टक्क्यांवर अडकलेला, असं चित्र दिसू लागतं.

सर्वात महागात पडते ती कमांडमध्ये कार्डाच्या नावाच्या जागी ताऱ्याचं चिन्ह (*) टाकण्याची सवय. ‘डिसेबल-नेटअडॅप्टरव्हीएमक्यू’ ही पॉवरशेल (विंडोजची कमांड चालवण्याची खिडकी) कमांड सेटिंग बदलून थांबत नाही, अडॅप्टर म्हणजे नेटवर्क कार्ड रीस्टार्टही करते. तारा दिला तर सर्व्हरवरची व्हीएमक्यू असलेली सगळी कार्डं या फेऱ्यात सापडतात: आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजचं, क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाच्या) हार्टबीटचं म्हणजे सर्व्हर जिवंत असल्याच्या खुणेचं, आणि ज्यावरून तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत आला आहात तेही. चालू क्लस्टरवर हे कृपा करून करू नका. आधी ‘गेट-नेटअडॅप्टरव्हीएमक्यू’ चालवा, यादीतलं नेमकं नाव उचला आणि तेवढंच ‘-नेम’पुढे अवतरणचिन्हांत द्या. कामाच्या वेळेत करायचंच असेल तर ‘-नोरीस्टार्ट’ जोडा आणि रात्री ‘रीस्टार्ट-नेटअडॅप्टर’ चालवा. मधल्या वेळात बदल लागू झालेला नसतो. ‘बंद केलं तरी काही फरक नाही’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा हा राहून गेलेला रीस्टार्टच असतो.

टॅब दाबून कमांड पूर्ण करतानाही शेवट नीट वाचा. मागचं ‘व्हीएमक्यू’ राहिलं तर उरते ‘डिसेबल-नेटअडॅप्टर’, आणि ती अख्खं कार्डच बंद करते. ती आधी खात्री करून घेते, पण घाईत एंटर दाबलं की संपलं. मग सर्व्हरच्या कन्सोलशिवाय गत्यंतर नाही.

कार्डांची टीम केली असेल (अनेक कार्डं एकत्र जोडून एकच वापरत असाल) तर बदल टीममधल्या प्रत्येक प्रत्यक्ष कार्डावर करा. एकावर करून दुसरं विसरलं की अडचण अधूनमधून डोकावत राहते आणि माग काढणं फार अवघड होतं. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं हवं, हे वेगळं सांगायला नको.

एसआर-आयओव्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला कार्डाशी थेट जोडणारी सोय, हे प्रकरण वेगळं. त्यासाठी ‘डिसेबल-नेटअडॅप्टरएसआरआयओव्ही’ आहे. एक बंद केल्याने दुसरं बंद होत नाही.

त्रास एकाच व्हर्च्युअल मशीनला असेल तर होस्टच्या (ज्यावर ती मशीन चालते त्या सर्व्हरच्या) कार्डाला हातच लावू नका. ‘सेट-व्हीएमनेटवर्कअडॅप्टर’ला त्या मशीनचं नाव आणि ‘-व्हीएमक्यूवेट 0’ द्या. मूळ आकडा 100 असतो; फरक पडला नाही तर तोच परत टाका.

ड्रायव्हर नव्याने टाकला की ही सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. दर अपडेटनंतर ‘गेट-नेटअडॅप्टरव्हीएमक्यू’ चालवून ‘एनेबल्ड’चा रकाना बघा.