तिबिलिसी ते येरेवान: सहा दिवस, एकाच दिशेने

जॉर्जिया आणि अर्मेनिया एकाच सुट्टीत करायचे असतील तर पहिला निर्णय विमानाचा. जायचं जॉर्जियाच्या राजधानीला, तिबिलिसीला, परतायचं अर्मेनियाच्या राजधानीहून, येरेवानहून. दोन्ही शहरांत रस्त्याने साधारण 280 किलोमीटर अंतर आहे. परतीचं तिकीटही तिबिलिसीचंच काढलं तर एक अख्खा दिवस उलट प्रवासात जातो. शिवाय जॉर्जियाचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला असेल तर अर्मेनियातून पुन्हा आत येताच येत नाही. शारजा-दुबई मार्गे दोन वेगळ्या शहरांचं तिकीट घेताना संकेतस्थळावर 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा.

या आखणीत अझरबैजानची राजधानी बाकू जोडू नका. अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा 2020 पासून प्रवाशांसाठी बंद ठेवल्या आहेत आणि अर्मेनियाशी असलेली सीमा तर त्याच्या कितीतरी आधीपासून बंद आहे. नकाशावर तिन्ही राजधान्या जवळ दिसतात, पण तिथे रस्ता उपयोगाचा नाही.

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल, किंवा आखाती देशाचा निवास परवाना असेल, तर जॉर्जियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. अट अशी की तो व्हिसा प्रवेशाच्या दिवशी चालू असला पाहिजे. नसेल तर ई-व्हिसा काढा. 1 जानेवारी 2026 पासून किमान 30,000 लारी (जॉर्जियाचं चलन) संरक्षणाचा आरोग्य आणि अपघात विमाही सक्तीचा आहे. अर्मेनियाचा 21 दिवसांचा ई-व्हिसा 3,000 द्रामला (तिथलं चलन) मिळतो. त्यासाठी निदान दहा दिवस आधी अर्ज करा.

तिबिलिसी विमानतळावर भारतीय प्रवाशांची चौकशी कसून होते आणि उत्तरं गुळमुळीत वाटली तर परत पाठवलं जातं. हॉटेलची आरक्षणं, परतीचं तिकीट, विमा आणि अर्मेनियाचा व्हिसा कागदावर छापून, तारखांच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा. एकेका रात्रीचा मुक्काम कुठे, हे तोंडपाठ असू द्या. हॉटेल एकाच्या नावावर आणि प्रवासी दोघे असतील तर आरक्षणावर दोघांचीही नावं घालून घ्या.

वार महत्त्वाचा आहे. येरेवानचं मातेनादारान, म्हणजे प्राचीन हस्तलिखितांचं संग्रहालय, रविवारी आणि सोमवारी बंद असतं. म्हणून शनिवारी तिबिलिसीत उतरा. शनिवार-रविवार जुनं शहर, अबानोतुबानीची गंधकाच्या पाण्याची स्नानगृहं आणि अर्ध्या दिवसात होणारं जवळचं म्त्सखेता गाव. म्त्सखेताच्या मार्श्रुत्का, म्हणजे वडापसारख्या छोट्या व्हॅन, दिदुबे मेट्रो स्थानकाबाहेरून सुटतात. डोंगरातल्या काझबेगी गावाचा मोह होईल, पण ते एका बाजूने सुमारे 150 किलोमीटर आहे आणि वाटेतली खिंड जवळजवळ 2,400 मीटर उंचीवर. एका दिवसात जाऊन आलात तर सहा-सात तास गाडीतच जातात. त्यासाठी वेगळी फेरी करा.

सोमवार हा सीमेचा दिवस. रात्रीची रेल्वे टाळा. झोपेतून उठून सीमा ओलांडावी लागते आणि या प्रवासातला सगळ्यात सुंदर भाग, देबेद नदीची दरी, अंधारात निघून जाते. तिबिलिसीच्या आव्लाबारी मेट्रोजवळून सामायिक टॅक्सी मिळतात. बसण्याआधी चालकाला सांगा की आलावेर्दीला उतरायचं आहे, थेट येरेवानला जायचं नाही. उरलेले लारी सीमेपूर्वीच बदला. रुपये तिथे कोणी घेत नाही, म्हणून सोबत स्वच्छ, न दुमडलेले डॉलर किंवा युरो हवेत. सादाख्लोला जॉर्जियाचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग पूल, मग पलीकडे बाग्राताशेनला अर्मेनियाची खिडकी. ई-व्हिसा तपासायला वेळ लागतो आणि सामायिक गाडीतले बाकीचे लोक खोळंबतात. छापील प्रत हातात ठेवा, रांगेत पुढे उभे राहा.

मुक्काम आलावेर्दीजवळच्या हाघपात गावात करा. हाघपात आणि सानाहिन हे दहाव्या शतकातले दोन मठ समोरासमोरच्या पठारांवर आहेत, मधे खोल दरी. नकाशावरचं अंतर फसवं आहे, कारण गाडीला तळापर्यंत उतरून पुन्हा चढावं लागतं. हाघपातच्या ग्रंथालयात जमिनीकडे बघा. फरशीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठाले मातीचे रांजण दिसतील. बाहेर 1273 सालचा कोरीव क्रूसशिल्पाचा दगड आहे, त्यावरचे चेहरे सकाळच्या तिरप्या उन्हात नीट उठून दिसतात. सानाहिनमध्ये तुम्ही थडग्यांच्या शिळांवरूनच चालता, तिथली जमीनच तशी आहे. याच गावात मिग विमानाचे एक जनक आर्तेम मिकोयान जन्मले. मिकोयान बंधूंच्या संग्रहालयाबाहेर मिग-21 उभं आहे. नाशिकजवळच्या ओझरला याच जातीची विमानं बांधली गेली, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाने तिथे जरूर थांबावं.

शाकाहारी मंडळींचे हाल होतात ते 'व्हेज' म्हटल्यामुळे, कारण तो शब्द अनेकदा पोहोचत नाही. दोन्ही देशांतले लोक चर्चचे उपास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडं वर्ज्य असतं. म्हणून जॉर्जियात 'सामार्ख्वो' आणि अर्मेनियात 'पासुत्स' म्हणा, म्हणजे उपासाचं. दूध-चीज चालत असेल तर 'उखोर्त्सोद' आणि 'अरांत्स मसी', म्हणजे मांसाशिवाय. जॉर्जियात मातीच्या भांड्यातला राजम्यासारखा लोबिओ मक्याच्या म्चादीबरोबर मागवा. वांग्याच्या कापात अक्रोड-लसणाचं वाटण भरलेली बादरिजानीही हमखास मिळते. लोबियानी ही घेवड्याचं सारण भरलेली रोटी असते, पण राचा भागाच्या पद्धतीत तिच्यात डुकराचं मांस असतं, तेवढं विचारून घ्या. आजारुली खाचापुरीवर अंडं असतं, इमेरुलीत नुसतं चीज. अर्मेनियात झेंग्यालोव हात्स शोधा: बारीक चिरलेल्या अनेक पालेभाज्या भरून भाजलेली पोळी.

मंगळवारी दुपारी आलावेर्दीहून येरेवान. बुधवार गार्नीचं मंदिर आणि डोंगरात कोरलेला गेघार्द मठ यांसाठी. गार्नीपर्यंत मार्श्रुत्का जाते, पुढचे दहा-अकरा किलोमीटर टॅक्सीने करा आणि परतीचा दर आधीच ठरवा. गुरुवारी सकाळी लवकर एखाद्या उंच जागी जा. 5,137 मीटरचा अरारात पर्वत सकाळीच स्पष्ट दिसतो, दुपारपर्यंत धुरकटात हरवतो. मग मातेनादारान, आणि रात्रीचं विमान. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. येरेवानच्या रस्त्यांवर 'पुलपुलाक' नावाचे दगडी नळ आहेत, त्यांचं पाणी थंड आणि पिण्यायोग्य असतं. धार वरच्या दिशेने उडते, म्हणून अरुंद तोंडाची बाटली भरत नाही. रुंद तोंडाची न्या.