नवीन आरव्ही घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर किंवा मोटरहोम, घेणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना वाटतं की नवी कोरी गाडी आहे, वर्षभर बघायला नको. कारचं ठीक आहे, आरव्हीचं तसं अजिबात नाही. बहुतेक आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, काम मुख्यतः हातानं, लाकडाच्या पट्ट्या, स्टेपल, गोंद, स्क्रू, आणि बऱ्याच कारखान्यांत पैसे नगावर, मग घाई होणारच. २०२१ मध्ये तर सहा लाखांच्या आसपास आरव्ही बाहेर पडल्या, तो रेकॉर्ड होता, त्यामुळे त्या वर्षाचं सेकंडहँड मॉडेल बघत असाल तर जरा जास्तच बारकाईनं बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सही आधी आणि तपासणी नंतर. डीलर अर्ध्या तासात फिरवून दाखवतो, फोटो काढतो, चावी देतो. तसं नाही चालायचं. पाणी, करंट, गॅस तिन्ही जोडून द्या म्हणावं, आणि फ्रिज आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा कारण तो थंड व्हायला तासन्‌तास लागतात. टाकी भरा, पंप चालू करा, सगळे नळ बंद. पंप थोड्या वेळानं गप्प बसला पाहिजे, आणि कोणी नळ उघडला नसताना तो मधूनच परत घुरघुरला तर कुठेतरी गळतंय. मग टॉर्च घेऊन सिंकखाली, टॉयलेटमागे, पंपाजवळ प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू लावून बघा. गीझर पाण्यानं भरल्याशिवाय त्याचं इलेक्ट्रिक बटण दाबू नका, एलिमेंट जळतो. जमिनीवरच्या हीटरच्या जाळ्या उचलून आत बघा, लाकडाचा भुसा नि स्क्रू सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. स्लाइड, म्हणजे खोली मोठी करायला भिंतीसकट बाहेर सरकणारा भाग, दोनदा आतबाहेर करा. डीलर वैतागेल, वैतागू दे, पैसे हातात असेपर्यंतच तो ऐकतो.

पहिलीच ट्रिप यलोस्टोनसारख्या लांबच्या नॅशनल पार्कला नको. डीलरपासून तासाभराच्या अंतरावर दोन रात्री राहा आणि सगळं वापरा, शॉवर, ओव्हन, एसी सगळं.

आता छत. गळती दिसली की लोक धावत जाऊन दुकानातलं साधं सिलिकॉन आणतात आणि थापतात. रबरी किंवा टीपीओच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) छतावर ते नीट धरत नाही, आणि नंतर त्यावर योग्य सीलंटही चिकटत नाही, आधी सगळं खरवडून काढावं लागतं. सपाट छतावर सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) लॅप सीलंट, उभ्या भागावर न ओघळणारं. दर तीन महिन्यांनी छत बघाच. भिंतीला बाहेरून फुगा दिसला तर पाणी आत गेलंय असंच समजा, ते काम सीलंटच्या ट्यूबनं होणारं नाही.

चाकांचे नट नव्या गाडीला १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) परत तपासायचे, किती जोर लावायचा तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आणि वजन! दारावरच्या स्टिकरवर सामानाची मर्यादा लिहिलेली असते, ४० गॅलन पाणीच ३३० पाउंडांच्या वर जातं, त्यावर आपला कुकर, तांदळाची पोती, पाहुण्यांच्या गाद्यागिर्द्या. हिशोब करा.

वॉरंटी साधारण वर्षाची असते, पण फ्रिज, एसी, ॲक्सल यांच्या वॉरंट्या बनवणाऱ्यांच्या वेगळ्या, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डीलरकडे गाडी टाकली की ती आठवडेच्या आठवडे यार्डात पडून राहते आणि उन्हाळा संपतो, म्हणून लोक स्वतःच दुरुस्ती करतात. करा ना, पण आधी फोटो, ईमेल, आणि कंपनीची लेखी परवानगी, कधीकधी कंपन्या मोबाइल (आपल्याकडे येऊन काम करणाऱ्या) टेक्निशियनचे पैसेही देतात. स्वतः हात लावला म्हणून सगळी वॉरंटी गेली असं नसतं, फक्त तुमच्या कामामुळे झालेलं नुकसान कंपनी भरणार नाही. लेमन लॉवर, म्हणजे सदोष गाडी विकल्यास ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, मात्र विसंबू नका, बऱ्याच राज्यांत ट्रेलर त्यात बसतच नाही.

बिजागरी, ड्रॉवर, नळ हे खुशाल करा. गॅसला साबणाचं पाणी लावून गळती शोधा, पण रेग्युलेटर उघडू नका, ॲक्सल आणि वेल्डिंगही सोडा. ढिल्या स्क्रूच्या जागी लांब स्क्रू मारायचा मोह होतो, तो मारण्याआधी पलीकडे काय आहे ते बघा, पातळ भिंतीमागे वायर किंवा पाण्याचा पाइप असू शकतो.