पेरलेला प्रश्न कसा ओळखायचा

मंत्र्यांची पत्रकार परिषद असली की विश्रामगृहावर पाऊण तास आधी पोहोच. मंत्री दोन तास उशिरा येणार हे मलाही माहीत आहे, तरी पोहोच. पीए कुणाच्या कानाला लागतो, कुणाच्या खांद्यावर हात टाकतो, हे त्या वेळातच दिसतं. पेरलेला, म्हणजे आधीच ठरवून विचारायला लावलेला, पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येतो.

प्रेस नोट हातात पडली की पोह्यांची बशी बाजूला ठेव आणि आधी ती वाच. अठरा वर्षांपूर्वी मला मिळालेल्या एका नोटेत तिसऱ्याच परिच्छेदात छापलं होतं, ‘पत्रकारांच्या प्रश्नाला उत्तर देताना ते म्हणाले’. साहेबांची गाडी तेव्हा अजून टोलनाक्यापलीकडे होती! पुढे तो प्रश्न आलाही, पहिल्या रांगेतून. विचारणारा कुठल्या पेपरचा, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. महिन्याभराने तो प्रचाराच्या जीपमध्ये दिसला.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नकोस. २३ ऑक्टोबर २००७ ला, कॅलिफोर्नियात वणवे पेटलेले असताना, ‘फेमा’ या अमेरिकेच्या आपत्ती निवारण खात्याने वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद घेतली. बातमीदारांना निरोप जेमतेम १५ मिनिटं आधी. फोनवर नुसतं ऐकायची सोय. समोर बसून प्रश्न विचारले ते खात्याच्याच कर्मचाऱ्यांनी. खात्याच्या कामावर खूश आहात का, असाही एक होता. साहेब अर्थातच खूश होते.

पेरलेला प्रश्न लांबलचक असतो आणि उत्तर त्याच्या पोटातच असतं. तुझा आखूड हवा, तारीख नाहीतर आकडा मागणारा. ‘पाणी योजनेचं काय?’ विचारलंस तर भाषण ऐकावं लागेल. ‘टाकी बांधून झाली, नळाला पाणी कोणत्या तारखेला?’ असं विचार. दोन प्रश्न एकत्र करू नकोस, साहेब सोपा तेवढा उचलतात.

टाळाटाळ झाली तर शेजारच्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. हे टपरीवर चहा पितानाच ठरवून ठेव, तो स्पर्धक पेपरचा असला तरी. आम्हाला हे दोन-तीनदाच जमलं. जमलं तेव्हा मजा आली.

पैशाचं पाकीट आलं तर तिथेच, सगळ्यांदेखत परत दे. मागाहून दिलंस तर घेतलंच होतं म्हणतात.

आणि प्रश्नच घेतले नाहीत तर? १७ मे २०१९ ला दिल्लीत भाजपच्या मुख्यालयात पंतप्रधान मोदी बोलले, पण प्रश्न सुरू झाल्यावर ते अमित शहांकडे सोपवले. तीच बातमी झाली. तूही किती प्रश्न आले, किती टाळले, ते वहीत मोज. टाळलेला प्रश्न जसाच्या तसा बातमीत घाल. मात्र शेवटी नको, दुसऱ्या परिच्छेदात. जागा कमी पडली की डेस्कची, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्यांची, कात्री खालून चालते.