टंग ट्विस्टर पाठ करण्याआधी आपला ‘प’ तपासा

व्हॉइस प्रोसेसच्या, म्हणजे कॉल सेंटरमध्ये फोनवर बोलायच्या कामाच्या, मुलाखतीची तयारी सुरू केली की कुणीतरी ‘शी सेल्स सीशेल्स’ हा टंग ट्विस्टर (जीभ अडखळवणारं वाक्य) पाठ करायला सांगतंच. माझं मत विचाराल तर त्यात फार वेळ घालवू नका. त्या वाक्यात सगळी कसरत ‘स’ आणि ‘श’ची आहे, आणि हे दोन्ही आवाज आपल्याकडे आहेतच. ‘काळे राळे गोरे राळे’ म्हणत वाढलेल्या जिभेला तिथे नवीन काही शिकायला मिळत नाही. आपलं घोडं अडतं ते दुसरीकडे.

ब्रिटिश ग्राहकांचे कॉल घ्यायला लागल्यावर मला हे कळलं. पोस्टकोड (त्यांचा पिनकोड, त्यात अक्षरंही असतात) परत वाचून दाखवताना मी ‘पी’ म्हणायचो आणि पलीकडून विचारणा व्हायची, ‘बी?’ मग ‘पी फॉर पापा’ म्हटल्यावर गाडी पुढे. झालं असं की इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला प, ट, क आले की सोबत हवेचा झोत सुटतो. आपला ‘प’ कोरडा, त्यामुळे त्यांच्या कानाला तो ‘ब’सारखा लागतो.

यावर औषध म्हणजे जुनाच ‘पीटर पायपर पिक्ड अ पेक ऑफ पिकल्ड पेपर्स’. 1813 साली लंडनमध्ये अक्षरागणिक अशी वाक्यं देणारं उच्चारांचं एक पुस्तक निघालं होतं, त्यातला हा पीटर. तोंडासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा आणि आधी ‘पोपट’ म्हणा. पट्टी जवळजवळ हलणार नाही. आता ‘पीटर’, ‘पिक्ड’, ‘पेक’ म्हणताना ती फडफडली पाहिजे. जोर इतकाही नको की पीटरचा फीटर होईल. आणि ‘स्पीक’, ‘स्पून’मध्ये मात्र झोत नसतो, तिथे आपला मराठी ‘प’ अगदी चपखल बसतो.

दुसरी अडचण व आणि व्ह. आपण ‘व्हॅन’ लिहितो आणि मग त्यातला ‘ह’सुद्धा इमानेइतबारे उच्चारतो. इंग्रजी व्हीमध्ये ‘ह’ नाहीच. वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि आवाज सोडायचा. डब्ल्यूला दात लागत नाहीत, ‘उ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू होतो. यासाठी मी स्वतःच एक जुळवलं होतं: ‘व्हेरी वेट व्हेल्व्हेट वेस्टकोट्स’. आरशासमोर म्हणा, दात कधी टेकतात ते दिसतं. (मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही सरावाच्या वहीत इंग्रजीच लिहा, नाहीतर तो ‘ह’ परत घुसतो.)

‘थर्टी-थ्री थीव्ज’वाली वाक्यं मी शेवटी ठेवली असती. तिथे जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची असते आणि तो आवाज श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. आपला ‘थ’ लांबवून बघा, लांबतच नाही. पण आपल्या ‘थ्री’ला सहसा कुणी ‘ट्री’ समजत नाही, त्यामुळे घाई नाही.

वेगाचं तर नावच काढू नका. भरभर म्हटलं की जीभ जुन्या वळणावर जाते. सावकाश म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी आपलं आपल्याला सगळं बरोबरच वाटतं. आणि ट्विस्टर संपला की लगेच कामातलं एखादं वाक्य त्याच तोंडाने म्हणा. माझं ठरलेलं होतं, ‘प्लीज होल्ड, आय विल पुट यू थ्रू’. प, डब्ल्यू आणि तो लांबणारा थ, तिन्ही त्यात येतात.