या चुका टाळा: शेअर बाजाराच्या नियामकाकडे, म्हणजे सेबीकडे, नव्याने लागलात तर

"पण सर, मी कंपनीचं नाव कुठे घेतलं?" हे ऐकून कान किटले आहेत. परीक्षेत पहिले आलेले हेच म्हणतात.

एकदा कुर्ल्याहून बीकेसीला शेअर रिक्षात मागे तिघं बसलो होतो. मधे आमचा नवा अधिकारी, फोनवर मित्राशी बोलत होता. "आज उशीर होणार रे. आपल्या गावाबाहेर तो कारखाना आहे ना, त्यांच्याबाबतची आमची ऑर्डर गुरुवारी निघतेय." नाव नाहीच घेतलं. पण मित्राला गाव ठाऊक, कारखाना ठाऊक, आणि त्याच्याकडे शेअर घ्यायला डिमॅट खातं नसेल असं कोण सांगेल? त्यात पोराच्या गळ्यात ऑफिसचं आयकार्ड लटकतंय. पलीकडच्या प्रवाशाने एका कानातला इअरफोन हळूच काढला, तेवढं मी पाहिलं. उतरल्यावर पोराला आधी चहा पाजला, मग वरिष्ठांसमोर झालेलं सगळं लेखी द्यायला लावलं. रडकुंडीला आला. २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत, जाहीर न झालेली भावसंवेदनशील (शेअरचा भाव हलवू शकेल अशी) माहिती ज्याच्या हाती, तो इनसायडर. रिक्षातलासुद्धा. माझी सवय साधी आहे: गेटबाहेर पडताना कार्ड बॅगेत, आणि घरच्यांना फक्त "उशीर होईल". कशामुळे, ते नाही.

बायकोच्या, मेव्हण्याच्या खात्यातून शेअर घेणं: ही युक्ती तुम्हाला सुचली, तशी तपास करणाऱ्यालाही सुचते. दंड किमान १० लाख. कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातला जो जास्त तो.

फाइलचा फोटो व्हॉट्सॲपवर: नाही म्हणजे नाही.

ओळखीच्या कंपनीची फाइल टेबलावर आली, तर त्याच दिवशी लेखी कळवून बाजूला व्हा. "बघू नंतर" म्हणणाऱ्यांचं नंतर अवघड होतं. सेबीच्या बोर्ड सदस्यांसाठीसुद्धा २००८ पासून हितसंबंधांची संहिता आहे.

उलटी चूकही तितकीच जुनी: आळस आला की 'गोपनीय'चा शिक्का. २०२२ च्या ताकानो निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेबीला बजावलं, की कारणे दाखवा नोटीस दिलेल्याला तपास अहवालातला संबंधित भाग द्यावाच लागेल. त्रयस्थांची खासगी माहिती आणि बाजाराच्या स्थैर्याला बाधा आणणारा मजकूर तेवढा झाकता येईल. आता झाकायचं म्हणजे पीडीएफवर काळी पट्टी ओढून मोकळं व्हायचं नाही. पट्टीखालचा मजकूर बिनबोभाट कॉपी होतो. मी अजूनही प्रिंट काढतो, मार्करने काळं करतो, त्याची झेरॉक्स काढून उजेडासमोर धरून बघतो आणि मगच स्कॅन करतो. पोरं हसतात. हसू देत.