आग बंद केली, तर आगीचं काम कोण करणार?

आठवडाभर मी भोसरीत लेथवर असतो. शनिवारी संध्याकाळी स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरतो. गावी सव्वा एकर भातखाचरं आहेत आणि त्यांच्या वर डोंगराला टेकलेला दोन एकर वरकस माळ, म्हणजे भात न होणारी उताराची हलकी जमीन. कंपनीतली मुळशी-भोरकडची पोरं विचारतात, "दादा, राब भाजायचा सोडलास म्हणे, मग रोप येतं कसं?" राब म्हणजे भाताचं रोप वाढवायच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण रचून ते जाळणं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आगीचा हिशेब मांडा. माझी आई माघ-फाल्गुनात ऐन, किंजळ या रानझाडांचे टहाळ तोडायची. शेण, टहाळ, गवत असे थर लावून वर बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्यात वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायची. तशी लावली की आग पळत नाही, धुमसत राहते. त्यात तणाचं बी मरतं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं, निंदणी वाचते आणि माती इतकी भुसभुशीत होते की आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, रोप मुळासकट अलगद उपटतं. म्हातारी माणसं अडाणी म्हणून भाजत नव्हती. खोट ही, की नत्र (नायट्रोजन) धुरात जातं आणि एकराच्या लावणीला लागणाऱ्या चार गुंठे रोपासाठी शेजारचं रान दरवर्षी बोडकं होतं.

मी पहिल्या वर्षी आग बंद केली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. नुसतं शेणखत ओतलं, तेही अर्धंकच्चं. जुलैत तणातून रोप शोधायची वेळ आली. आई बांधावर बसून म्हणाली, "अरे, आता तरी काडी लावतोस का?"

म्हणून आगीच्या एकेका कामाला एकेक बदली माणूस द्या. तण मारायला ऊन घ्या. एप्रिलमध्ये वाफ्याची जागा नांगरून, ढेकळं फोडून सपाट करा, वीतभर खोल भिजवा आणि वर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरा. पाच-सहा आठवडे तसंच राहू द्या. काळं प्लास्टिक घेऊ नका, ते स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही. (माझे त्यात पैसे गेलेत.) अडचण पाण्याची. एका गुंठ्याला मला 200 लिटरचे 15 ड्रम लागले, आणि एप्रिलात आमच्याकडं बायका हंड्याला रांगा लावतात. पाणी नसेल तर वळवाच्या पावसाची वाट बघा, तण उगवू द्या, कोळपून टाका, पुन्हा उगवलं की पुन्हा कोळपा. फक्त दुसऱ्यांदा कोळपल्यावर माती खोलवर उकरू नका, नाहीतर खालचं बी वर येतं.

राखेसाठी भातगिरणीवर जा. तुसाची काळी राख पोत्यांनी पडलेली असते. चौरस मीटरला साधारण किलोभर मातीत मिसळा. तिच्यातल्या सिलिकानं रोप ताठ होतं. वाफा मीटरभर रुंद आणि चार बोटं उंच ठेवा, पाणी साचलं नाही की रोप उपटायलाही सोपं जातं. बी टाकण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगेल ते फेका, तळाचं दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. आम्ही इंद्रायणी लावतो, ती आपल्याच वडगाव मावळच्या केंद्रातली, 1987 सालची.

पुढं लावणीला चारसूत्री पद्धत धरा: 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून ओळी, आणि त्याच दिवशी दर चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची एक गोळी चिखलात बोटभर खोल. गुंठ्याला 625 गोळ्या लागतात. कर्जतच्या चंद्रशेखर भडसावळेंचं भाताचं सगुणा तंत्र त्याहून वेगळं. त्यात कायमचे गादीवाफे करतात, चिखलणी-लावणीच नसते. मला ते पटतं, पण तणनाशकावर फार भिस्त आहे आणि आमच्या खाचरांखाली पिण्याची विहीर आहे, म्हणून थांबलोय.

आता माळ. पूर्वी माळ भाजून पहिल्या साली नाचणी, मग वरई, मग कारळा, आणि नंतर पाच-सात वर्षं पड. त्या पडीतच जमीन सावरायची. आता वाटण्या झाल्यात, पड दोन वर्षांवर आली, तिथं गणित मोडलं. पाच वर्षांचं काम झाडाकडून करून घ्यायचं, तर ती झाडं लावायला समपातळीच्या, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेघा पाहिजेत.

त्यासाठी ए-फ्रेम करा. पुरुषभर उंचीचे दोन सुके बांबू टोकाशी बांधा, मध्ये आडवी काठी, टोकापासून दोरीला दगड. फ्रेम उभी करून आडव्या काठीवर दोरी पडते तिथं खूण करा, फ्रेमच्या दोन्ही पायांच्या जागा अदलून दुसरी खूण, दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पाय फिरवत माळ आडवा चाला, खुंट्या ठोकत जा. उतारावर छातीएवढं खाली आलात की पुढची रेघ. लेथवाल्या माणसाला हे काम फार आवडेल, इथं मायक्रोमीटर लागत नाही.

रेघेवर दगडांची ताल (बुटका बांध) घाला, तिला लागून पावसात गिरिपुष्प या झाडाच्या हातभर काड्या खोचा. दोन-तीन वर्षांनी छाटणी सुरू होते. तोच पाला भातखाचरात जातो, ऐनाचं झाड सुटतं. मधल्या पट्ट्यात नाचणी, दुसऱ्या पट्ट्यात तूर किंवा उडीद, दरवर्षी अदलाबदल. आंबा लावायचा तर 10 मीटरवर, एकराला 40 झाडं. पण ऐन डोंगरमाथ्यावर नको, धुक्यात मोहर काळा पडतो. दिवाळीनंतर गुरं मोकळी सुटतात तेव्हा कुंपण, आणि वणव्यासाठी भोवती तीन मीटर गवत काढून जाळरेषा. हे करायचं राहिलं तर सगळं एका दुपारी जातं.

जमीन वनखात्याची असेल तर आधी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा बघा. 13 डिसेंबर 2005 आधीचा ताबा लागतो, आणि तुम्ही आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा रहिवास.

आईनं अजून एक वाफा स्वतःकडं ठेवलाय. वाळल्या शेणाचा आणि परसातल्या पाल्याचा राब करते, रानातलं काही तोडत नाही. यंदा दोन्ही वाफे शेजारी आहेत. आवणीला ती आधी कुठल्या वाफ्यात उतरते ते मी बघणार आहे.