एकाच मोटरसायकलची दोन इंजिने: १६० घ्यावी की २००, हे कसे ठरवावे

एकाच मोटरसायकलच्या लहान आणि मोठ्या इंजिनांतून निवड करायची वेळ आली की बहुतेक जण सीसीचा आकडा आणि किमतीतला फरक एवढेच पाहतात आणि थोडे पैसे जास्त घालून मोठी गाडी घेऊन टाकतात. सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान. ते वाढवून मिळालेली ताकद कोणत्या वेगाला आणि कोणत्या कामाला उपयोगी पडणार, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते शोधण्याची रीत समजून घ्यायला बजाजच्या पल्सर एनएस१६० आणि एनएस२०० ही जोडी फार सोयीची आहे. मार्च २०२३ मध्ये या दोन्ही गाड्या सुधारून बाजारात आल्या, तेव्हापासून दोन्हींची पेरिमीटर फ्रेम (म्हणजे गाडीचा सांगाडा), अप-साइड-डाउन फोर्क (पुढच्या चाकाचे उलटे बसवलेले शॉक ॲब्सॉर्बर), पुढचा १००/८०-१७ आणि मागचा १३०/७०-१७ टायर, ३०० आणि २३० मिलिमीटरच्या डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) आणि १२ लिटरची टाकी हे सारे सारखेच झाले. उरला तो फरक जवळजवळ सगळा इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा आहे. खालचे आकडे त्याच आवृत्तीचे आहेत.

पहिले काम कागदावरचे आहे. दोन्ही गाड्यांचे सीसी, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि पॉवर (ताकद) हे आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि प्रत्येकातली वाढ टक्क्यांत काढावी. एनएस१६० चे इंजिन १६०.३ सीसीचे असून ते ९,००० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला ९,००० फेऱ्यांना) १७.२ पीएस (पॉवरचे एकक, जवळपास एका अश्वशक्तीएवढे) आणि ७,२५० आरपीएमला १४.६ न्यूटन-मीटर टॉर्क देते. एनएस२०० चे इंजिन १९९.५ सीसीचे असून ते ९,७५० आरपीएमला २४.५ पीएस आणि ८,००० आरपीएमला १८.७४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. म्हणजे सीसी सुमारे २४ टक्क्यांनी, टॉर्क २८ टक्क्यांनी, पण पॉवर मात्र तब्बल ४२ टक्क्यांनी वाढली आहे. पॉवर म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार असल्यामुळे या तफावतीचा अर्थ स्पष्ट आहे: मोठ्या इंजिनाचा काही फायदा ते अधिक आरपीएमपर्यंत जोमाने फिरते यातून आलेला आहे. जो चालक सिग्नल ते सिग्नल चार-पाच हजार आरपीएमच्या आतच गिअर बदलतो, त्याच्या वाट्याला हे ४२ टक्के येणार नाहीत.

याचे कारण बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) पाहिले की उलगडते. एनएस१६० चा बोअर ५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६०.७ मिलिमीटर आहे, तर एनएस२०० चा बोअर ७२ आणि स्ट्रोक अवघा ४९ मिलिमीटर आहे. क्रँकच्या प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणून स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम केले की त्याचा सरासरी वेग मिळतो. कमाल पॉवरच्या आरपीएमला लहान इंजिनाचा पिस्टन सेकंदाला सुमारे १८.२ मीटर धावतो, तर मोठ्या इंजिनाचा ७५० आरपीएम जास्त असूनही सुमारे १५.९ मीटरच धावतो. शिवाय मोठ्या इंजिनाला तीन स्पार्क प्लग, रेडिएटरसह लिक्विड कूलिंग आणि सहा गिअर दिलेले आहेत. लहान इंजिनाला दोन प्लग, ऑइल कूलिंग आणि पाच गिअर आहेत. म्हणजे ही एकच मोटर थोडी फुगवलेली नसून दोन वेगळ्या स्वभावांची इंजिने एका सांगाड्यात बसवलेली आहेत. ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगाने तासन् तास जाणाऱ्याला माझ्या मते लिक्विड कूलिंग आणि सहावा गिअर या दोन गोष्टींचे मोल त्या वाढीव ३९ सीसीपेक्षा अधिक आहे.

प्रत्येक जोडीचे गणित असेच निघते असे मात्र नाही, म्हणून ते दर वेळी नव्याने मांडावे. रॉयल एन्फील्डच्या २०२० मध्ये बंद झालेल्या क्लासिक ५०० चे आणि त्या काळातल्या क्लासिक ३५० चे उदाहरण अगदी उलटे आहे. दोन्हींचा स्ट्रोक ९० मिलिमीटरच होता, फक्त बोअर ७० वरून ८४ केला होता. त्यामुळे टॉर्क २८ वरून ४१.३ न्यूटन-मीटरवर गेला, तोही त्याच ४,००० आरपीएमला. तिथे वाढलेला प्रत्येक सीसी खालच्या आरपीएमलाही जाणवत असे आणि तो अनुभवायला इंजिन ताणावे लागत नसे.

दुसरे काम वजनाचे आहे आणि त्यात गाडीबरोबर माणसांचेही वजन धरावे, कारण रिकामी गाडी कोणी चालवत नाही. एनएस१६० चे वजन १५२ किलो आणि एनएस२०० चे १५८ किलो आहे. दोन माणसे आणि थोडे सामान मिळून १४० किलो धरले, तर लहान गाडीला टनामागे सुमारे ५९ पीएस आणि मोठीला ८२ पीएस मिळतात. एकट्या ७५ किलोच्या चालकासह लहान गाडीला टनामागे सुमारे ७६ पीएस मिळतात. डबलसीट बसलेली एनएस२०० ही एकट्याने चालवलेल्या एनएस१६० पेक्षाही किंचित पुढे राहते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला आठवड्याअखेर जोडीदाराला घेऊन खंबाटकी किंवा ताम्हिणीचा घाट चढायचा असतो, त्याच्यासाठी निर्णय जवळपास इथेच होतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम टेस्ट राइडचे आहे. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकामागून एक चालवाव्यात आणि शक्य असल्यास मागे नेहमीचा जोडीदार बसवूनच चालवाव्यात. शोरूमच्या बाहेर पडताच पूर्ण थ्रॉटल देऊन पिकअप पाहण्याची सवय सोडावी. त्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरला आणि चौथ्यात ४० ला येऊन, गिअर न बदलता थ्रॉटल हळूहळू उघडावा आणि गाडी धडधड न करता वेग घेते का ते पाहावे, कारण शहरातला निम्मा दिवस याच अवस्थेत जातो. नंतर एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर तेच करून पाहावे. मोकळा रस्ता मिळाल्यास शेवटच्या गिअरमध्ये, नियमात बसेल अशा एकाच ठरावीक वेगाला दोन्ही गाड्यांच्या मीटरवरचे आरपीएम टिपून घ्यावेत आणि त्याच वेळी पायपेग, हँडल आणि टाकी यांना किती कंप जाणवतो तेही लिहून ठेवावे. शेवटी गाडी पाच मिनिटे गर्दीत सावकाश चालवावी. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा पायांवर कितपत येते, हे उन्हाळ्यात रोज चौकात थांबणाऱ्याने आधीच पाहिलेले बरे.

खर्चाचा भाग त्या मानाने सोपा आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीच्या गटावर ठरतो आणि १५० ते ३५० सीसी हा एकच गट असल्याने दोन्ही गाड्यांचा हप्ता सारखाच येतो. जून २०२२ च्या दरांनुसार तो वर्षाला १,३६६ रुपये होता, तर ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपयेच पडत. म्हणून ज्याला खरोखरच काटकसर हवी आहे, त्याने १६० ऐवजी दीडशेच्या आतली गाडी पाहावी. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के जीएसटी आहे, तोही दोघींना सारखाच. देखभालीत एनएस२०० ला एक प्लग जास्त आणि ठरावीक काळाने कूलंट बदलणे एवढा खर्च वाढतो. पेट्रोलचा हिशेब मात्र स्वतःच्या धावेवर करावा. समजा एका गाडीला लिटरला ४५ आणि दुसरीला ३८ किलोमीटर ॲव्हरेज मिळाले आणि महिन्याची धाव १,००० किलोमीटर असली, तर फरक साधारण चार लिटरचा पडतो. ज्याची धाव याच्या तिप्पट आहे, त्याने हा आकडा ऑन-रोड किमतीतल्या फरकाशी जोडूनच विचार करावा.

एवढे करूनही मन दोलायमान राहिले तर माझे मत असे आहे की, ज्याचा बहुतेक प्रवास शहरात आणि एकट्याने होतो त्याने एनएस१६० निःशंकपणे घ्यावी. तिच्यात ब्रेक, टायर आणि फ्रेम या बाबतीत कोणतीही कसर ठेवलेली नाही. महामार्ग, घाट आणि डबलसीट यांपैकी दोन गोष्टी ज्याच्या नेहमीच्या आहेत, त्याने एनएस२०० चा आग्रह धरावा.

जुनी गाडी घेणाऱ्याला एक जास्तीची तपासणी करावी लागते. २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या एनएस१६० ला मागे ड्रम ब्रेक होता आणि मार्च २०२३ पूर्वीच्या एनएस१६० ला साधे टेलिस्कोपिक फोर्क आणि कमी रुंदीचे टायर होते. अशी गाडी एनएस२०० शी ताडताना फरक केवळ इंजिनाचा राहत नाही. म्हणून सौदा ठरवण्याआधी आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना वाचावा आणि मागच्या टायरच्या भिंतीवरचे माप स्वतः वाकून पाहावे.